विश्लेषण : सवलतीची धार कुणाच्या मुळावर?

अमेरिकेत घडीच्या चाकूंचा शौक मोठा आहे. कोलोरॅडोतील गोल्डनची स्पायडरको, ओरेगॉन सिटीची बेंचमेड अशा कंपन्यांचे चाकू शंभर-दोनशे डॉलरना सहज जातात. ते विकणाऱ्यांत लहान, स्वतंत्र दुकानदारही आहेत. तोच चाकू मोबाइलवर स्वस्तात दिसू लागला आणि या दुकानदारांचे गणित बिघडले. यात ग्राहकाचा फायदाच, असे वरवर वाटते. पण सवलत वाढली की दुकानातील निवड आटत जाते.

निवड का आटते?

समजा, एका चाकूची कंपनीने सुचवलेली किंमत २०० डॉलर आहे आणि दुकानदाराला तो १२० डॉलरना पडतो. १६० ला विकला तर ४० डॉलर सुटतात. त्यातून जागेचे भाडे, नोकराचा पगार, कार्डाचे शुल्क भागवायचे. गोदामातून थेट घरी पाठवणाऱ्या विक्रेत्याने १३५ लावले, की बरोबरी करणाऱ्या दुकानदाराच्या हाती १५ डॉलर उरतात.

एवढ्यावर थांबले असते तर दुकानदाराचा नफा घटला, इतकेच म्हणता आले असते. पण दुकानात भराभर खपणारे चाकू मोजकेच असतात. बाकीचे महिनोन्‌महिने काचेखाली पडून राहतात : डावखुऱ्यांसाठीचा, खाऱ्या पाण्यात न गंजणाऱ्या पोलादाचा, एखाद्या नवख्या कारागिराने घडवलेला. त्यांत अडकलेले भांडवल पोसले जाते ते खपणाऱ्या मालाच्या नफ्यावर. सवलतीची झुंबड नेमकी याच खपणाऱ्या मालावर असते, कारण लोक किमती ताडून पाहतात त्या त्याच्याच. तो नफा गेला की दुकानदार पुढची मागणी नोंदवताना पडून राहणारा माल आधी गाळतो. स्वस्त झालेला चाकू सगळीकडे मिळतो, वेगळा चाकू कुठेच मिळत नाही.

त्यात हातात घेऊन पाहायची सवय. पाते एका हाताने उघडते का, मूठ तळव्यात बसते का, हे फोटोत कळत नाही. दुकानात अर्धा तास घालवायचा आणि बाहेर पडून फोनवर मागवायचा, हा प्रकार दुकानदाराला सवलतीपेक्षाही जास्त झोंबतो.

कंपनी किंमत बांधून देऊ शकते का?

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये डॉ. माइल्स खटल्यात किमान विक्री किंमत ठरवण्याचे करार बेकायदा मानले. १९१९ च्या कोलगेट खटल्याने एक वाट मोकळी ठेवली : कंपनीने आपली अट आधी जाहीर करावी आणि न पाळणाऱ्याला माल देऊ नये. २००७ च्या लीजिन खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी जुना निर्णयच बदलला. आता असा करार आपोआप बेकायदा ठरत नाही, त्याचे परिणाम तपासले जातात. व्यवहारात बहुतेकदा ‘किमान जाहिरात किंमत’ वापरतात. जाहिरातीत त्याखाली आकडा दाखवायचा नाही. बिल किती करायचे, हे विक्रेत्याच्या हाती.

मग हे योग्य आहे का?

चाकूच्या धंद्यापुरते तरी बऱ्याच अंशी होय. एका कंपनीचा माल महाग वाटला तर दुसऱ्या अनेक कंपन्या आहेत, त्यामुळे ग्राहक कोंडीत सापडत नाही. मात्र हा तळ आळशी दुकानदारालाही तितकाच सांभाळतो. काही न दाखवता, न समजावता नुसती खोकी रचणाराही तोच नफा घेतो. लीजिन खटल्यात न्या. ब्रेयर यांनी विरोधी मत देताना किमती वाढण्याचा इशारा दिला होता, तो खोटा म्हणता येणार नाही.

भारतात काय?

येथे बंद पाकिटावर कमाल किंमत छापावी लागते. अमेरिकेतील छापील किंमत नुसती सूचना असते. किमान किंमत लादण्याकडे भारतीय कायदाही संशयाने पाहतो. विक्रेत्यांच्या सवलतींवर मर्यादा घातल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड ठोठावला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले.

दुसरी वाट कोणती?

कंपन्यांनी ती शोधली आहे. नेहमीचाच चाकू वेगळ्या पोलादाचा, वेगळ्या रंगाच्या मुठीचा करून एकाच विक्रेत्याला द्यायचा. तुलनेला दुसरी किंमतच नसल्याने सवलतीचा प्रश्न मिटतो आणि दुकानदाराला दोन पैसे सुटतात. पण असा माल थोडाच निघतो. मागणी असलेला प्रकार हातोहात संपतो आणि नंतर त्याच्या पेट्या चढ्या भावाने पुन्हा विक्रीला येतात. सवलत टाळायला काढलेला चाकू मग छापील किमतीलाही मिळत नाही.