शहाणा आणि 'शहाणी'

मैत्रिणींनो, 'तुम्हा बायकांना विनोद कळत नाही' हा आपल्यावरचा जुना आरोप. आपला सवाल एवढाच, की हसायचं कुणाला आणि कशासाठी?

मराठी नवकथाकारांनी पांढरपेशा, बुद्धिजीवी पुरुषाची थट्टा केली, याचं कौतुक आपण ऐकत आलो. गंगाधर गाडगीळांचा बंडू घ्या. स्वतःला हुशार समजतो आणि तोंडघशी पडतो. आपण हसतो, पण बंडू लाडकाच राहतो. फजिती झाली तरी घर त्याचंच, आणि घरात स्नेहलता आहेच. १९६९ साली राजा ढाले यांनी 'सत्यकथेची सत्यकथा' लिहून साहित्यातल्या मक्तेदारीवर कोरडे ओढले. ते गरजेचंच होतं. पण प्रस्थापित असोत वा बंडखोर, त्या भांडणात बोलणारे बहुतेक पुरुषच. बुद्धिवंताच्या विचारातलं ढोंग त्यांना दिसलं. त्याचा चहाचा कप कोण विसळतं, हे क्वचितच दिसलं.

आता शिकलेल्या बाईकडे पाहा. नारायण बापूजी कानिटकरांनी १८८६ मध्ये 'तरुणी शिक्षण नाटिका' लिहिली, ती स्त्रीशिक्षणाची टिंगल करायला. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास'ने सुशिक्षित समाजापुढे आरसा धरला, तर लेखिकेला 'विभावरी शिरूरकर' या नावाआड राहावं लागलं आणि 'ही बाई कोण?' म्हणून गदारोळ उठला.

म्हणजे पुरुषाच्या थट्टेत त्याची चूक हास्यास्पद ठरते. बाईच्या थट्टेत तिचं शिकणंच.

भाईंदरच्या वस्त्यांत काम करताना हे मला रोज ऐकू येतं. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंग करणारी बाई मजुरीचा हिशोब विचारते, तर सुपरवायझर हसतो, "लई शहाणी झालीस!" घरी नवराही तेच म्हणतो. ऐकणारी मुलगी शहाणी, ते कौतुक. विचारणारी बाईही शहाणीच, पण ती शिवी. चारचौघांत हसं झालेली बाई पुढच्या पगाराला गप्प बसते. विनोदाचं काम तिथे फत्ते होतं.

म्हणून चिडून थांबू नका. कमल देसाईंची 'हॅट घालणारी बाई' गटात मोठ्याने वाचा. नावातच पुरुषाची टोपी बाईच्या डोक्यावर आहे. आणि लिहा. सभेत समतेवर तासभर बोलून घरी पाण्याचा पेलाही हातात मागणारे विचारवंत आपण जवळून पाहिलेत. त्यांची गोष्ट आपणच सांगायला हवी. ती वाचून कुणी 'शहाणी' म्हणालं, तर खुशाल म्हणू द्या.