आळसांदे बंद करण्यापूर्वी

धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेच्या इस्पितळाचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले आणि पेडणे-डिचोलीकरांना पथ्याचा सल्ला हाकेच्या अंतरावर आला. तो सल्ला कसा असावा, हा प्रश्न मात्र आपणा सर्व डॉक्टर-वैद्यांचाच, मग दवाखाना म्हापशात असो वा साखळीत. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशभरात 11.4 टक्के निघाले, गोव्यात 26.4, म्हणजे देशात सर्वाधिक.

अशा मधुमेही रुग्णाने ‘पोट फुगता’ म्हटले की आपली लेखणी सवयीने चालते: आळसांदे (चवळी) बंद, कुळीथ बंद. उरतो भात. कडधान्ये वातूळ, हे नाकारायचे कारण नाही. पण हा वायू होतो कसा? आपल्याला न पचणारे तंतू मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून वायू होतो, तशीच ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही मेदाम्लेही. ब्युटिरेट हे तिथल्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन. शिवाय ही आम्ले जीएलपी-1 स्रवायला मदत करतात; याच संप्रेरकाच्या धर्तीवरची इंजेक्शने बाजारात विकली जातात. वायू नको म्हणून आपण हे सारेच तोडतो.

अर्थात तंतू म्हणजे रामबाण नव्हे. संशोधक झाओ लिपिंग यांच्या 2018 च्या अभ्यासात तंतुमय आहाराने मधुमेहींमध्ये ही आम्ले बनवणारे ठरावीक जिवाणू वाढले आणि साखर सुधारली. स्टॅनफर्डच्या 2021 च्या प्रयोगात मात्र तंतू वाढवूनही निरोगी लोकांच्या जिवाणूंची विविधता सरासरीने वाढली नाही.

म्हणून ‘फायबर वाढवा’ एवढेच लिहून भागत नाही. दोन हजार कॅलरींमागे सुमारे 30 ग्रॅम तंतू हवेत. शंभर ग्रॅम सुक्या चवळीत ते अकराच्या आसपास, नाचणीतही तेवढेच. पांढऱ्या तांदळात जेमतेम तीन. आळसांदे रात्रभर भिजवून, पाणी बदलून, मऊ शिजवून, हिंगाच्या फोडणीचे. पहिला आठवडा दोन चमचे, सोसले तर पुढे चार. केसपेपरवर हे असे लिहावे. इसबगोलावर सगळा भार टाकू नये: त्याने साखर सावकाश चढते, पण ते फारसे आंबत नाही, म्हणजे जिवाणूंच्या वाट्याला थोडेच. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि इसबगोल यांत काही तासांचे अंतर हवे. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर पहिल्या आठवड्यांत वरचेवर तपासा. आणि आतडे अरुंद झालेल्या रुग्णाला यातले काहीच देऊ नका; त्याला आधी सर्जनकडे पाठवा.