मोडीतली जहाजे आणि मोलाची माणसे

जुन्या जहाजांच्या तोडणीविषयीचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ रोजी जगभर लागू झाला. २००९ साली संमत झालेला हा करार अमलात येण्यास सोळा वर्षे लागली. भारताने २०१९ मध्येच त्याला मान्यता दिली आणि त्याच वर्षी संसदेने जहाज पुनर्चक्रण कायदाही केला. ही दोन्ही पावले अभिनंदनीय आहेत. परंतु कायदा झाला की कर्तव्य संपले, असे मानण्याची आपल्या समाजाची जुनी खोड आहे. म्हणूनच या कायद्याच्या कागदाला एक साधा प्रश्न विचारला पाहिजे : जहाज तोडताना जो माणूस आतून मोडतो, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

हा प्रश्न इस्लापूरसारख्या गावातून विचारावा, याचे काहींना नवल वाटेल. इस्लापूरहून समुद्र शेकडो कोस दूर. पाणी म्हटले की येथील माणसाला आठवते ती पैनगंगा आणि सहस्रकुंडचा धबधबा. पण सुगी सरली की याच किनवट तालुक्यातील माणसे पोटासाठी बाहेर पडतात : कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी मुंबई-हैदराबादच्या बांधकामावर. तेथे तो कोणत्या धुळीत श्वास घेतो, याची नोंद गावात होत नाही आणि शहरातही होत नाही. जहाजतोडणीची खरी किंमत याच कोऱ्या पानावर लिहिली जाते.

किनाऱ्यावरचे कत्तलखाने

गुजरातमध्ये भावनगरजवळचे अलंग हे जहाजतोडणीचे जगातील सर्वांत मोठे केंद्र. १९८३ साली तेथे पहिले जहाज आले. मोठ्या भरतीच्या वेळी जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवायचे आणि ओहोटीला ते चिखलात रुतले की गॅसकटरने त्याचे तुकडे पाडायचे, ही तेथील रीत. आपल्या मुंबईतही रे रोडजवळ दारूखान्याच्या किनाऱ्यावर अनेक दशके हाच धंदा चालत आला आहे. जुन्या जहाजात केवळ पोलाद नसते. बॉयलर आणि इंजिनघराच्या भिंतींत अ‍ॅस्बेस्टॉस असते, रंगात शिसे असते, टाक्यांच्या तळाशी तेलाचा गाळ असतो. तळाला शेवाळ व शिंपले चिकटू नयेत म्हणून लावलेला रंग तर सागरी जीवांना विषच. तोडणी चिखलावर झाली की यातील बरेच काही भरतीबरोबर समुद्रात जाते आणि मच्छीमाराच्या जाळ्यातून आपल्या ताटापर्यंत येते.

माणसांचे काय होते? सर्वोच्च न्यायालयासमोर २००६ मध्ये आलेल्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात नोंद आहे की, अलंगमध्ये दर हजार कामगारांमागे वर्षाला सरासरी दोन प्राणघातक अपघात होत होते. खाणकाम हा सर्वांत धोक्याचा व्यवसाय समजला जातो, तेथे हेच प्रमाण ०.३४ होते. जून २०१४ मध्ये अलंग येथे तोडणी चालू असलेल्या एका जहाजात स्फोट होऊन पाच कामगार मृत्युमुखी पडले. पाकिस्तानातील गडानी येथे नोव्हेंबर २०१६ मध्ये एका तेलवाहू जहाजाला आग लागून पंचवीसहून अधिक माणसे जळून मेली.

गावात पोहोचणारे मरण

स्फोटातला मृत्यू निदान वर्तमानपत्रात छापून येतो. अ‍ॅस्बेस्टॉसचा मृत्यू छापला जात नाही. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात रुततात आणि दहा, वीस, तीस वर्षांनी धाप, खोकला किंवा कर्करोग होऊन प्रकटतात. त्याच २००६ च्या अहवालानुसार, तपासलेल्या अ‍ॅस्बेस्टॉस हाताळणाऱ्या कामगारांपैकी सुमारे १६ टक्के जणांच्या क्ष-किरण चित्रांत या रोगाची प्राथमिक चिन्हे दिसली होती. अलंगचे बहुसंख्य कामगार ओडिशा, बिहार, झारखंड आणि उत्तर प्रदेशातील. रोग बळावेपर्यंत ते आपापल्या गावी परतलेले असतात. गावच्या आरोग्य केंद्रात खोकला पाहून क्षयाची औषधे सुरू होतात. ‘पूर्वी कोणते काम करत होतास?’ हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मालकाच्या वहीत तो केव्हाच नसतो आणि सरकारच्या आकड्यांत तो क्षयरोगी ठरतो. युरोपातून किनाऱ्यावर आलेले विष किनाऱ्यावरून असे खेड्यात उतरते आणि तेथे निमूटपणे मातीआड होते.

शहाण्यांचा शहाजोगपणा

पर्यावरणावर जगाला प्रवचने देणारे देश या व्यवहारात कसे वागतात? फ्रान्सची ‘क्लेमांसो’ ही विमानवाहू नौका २००५ च्या अखेरीस अ‍ॅस्बेस्टॉससह अलंगकडे निघाली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला रोखले, फ्रान्समध्येही गदारोळ झाला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांना ती परत बोलवावी लागली. पुढे ती इंग्लंडमध्ये तोडली गेली. म्हणजे हे काम युरोपात होऊ शकते, फक्त ते महाग पडते. जहाजाने तीस वर्षे नफा कमवायचा युरोपच्या मालकासाठी आणि अखेरच्या प्रवासापूर्वी कोमोरोस किंवा पलाऊसारख्या चिमुकल्या देशाचा झेंडा लावून जबाबदारी झटकायची, हा तेथील प्रतिष्ठितांचा शिरस्ता आहे.

मात्र परक्यांकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. आयात जहाज विषारी द्रव्यांपासून मुक्त करूनच यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००३ मध्ये बजावले होते. तरीही ‘ब्ल्यू लेडी’ हे प्रवासी जहाज अ‍ॅस्बेस्टॉस पोटात घेऊनच अलंगला आले आणि सप्टेंबर २००७ मध्ये त्याच्या तोडणीला परवानगी मिळाली. १९७१ च्या युद्धात जिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजार हादरवले, त्या ‘विक्रांत’चे संग्रहालय चालवणे तत्कालीन राज्य सरकारला परवडेना. सुमारे ६० कोटी रुपयांत ती भंगारात गेली आणि नोव्हेंबर २०१४ पासून दारूखान्यात तोडली गेली. २०२० मध्ये ‘विराट’ अलंगच्या वाटेने गेली. सरकारे बदलली, रीत बदलली नाही. आजही हाँगकाँग करारातून आणि आपल्या २०१९ च्या कायद्यातून युद्धनौका वगळलेल्याच आहेत. जिने देशाचे रक्षण केले, तिला तोडणाऱ्या देशबांधवाच्या रक्षणाची हमी त्या कायद्यात नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, हा ओरडा परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थांचा आहे. त्यांचे हेतू खुशाल तपासावेत, परंतु कामगाराच्या फुप्फुसातील तंतू कोणाच्या देणगीतून आलेला नाही. दुसरा आक्षेप रोजगाराचा आणि पोलादाचा. तो खरा आहे. भंगारातून पोलाद मिळाले की खनिज आणि कोळसा वाचतो. हा धंदा बंद करा, असे कोणीच शहाणा म्हणणार नाही. तो माणसासारखा चालवा, एवढेच म्हणणे आहे.

आज्ञापत्राची शिकवण

मराठ्यांच्या राज्यनीतीचा ग्रंथ असलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी एक दंडक आहे. आंबा-फणसाची झाडे आरमाराच्या उपयोगाची खरी, पण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. म्हणून त्यांना हात लावू नये आणि एखादे जीर्ण झाड लागलेच, तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे. जहाज बांधताना रयतेचे झाडही दुखावू नये, असे सांगणाऱ्या परंपरेचे आपण वारस. जहाज मोडताना रयतेची छाती फुटली तरी आपल्याला काही वाटू नये? पंडित दीनदयाळजींचा अंत्योदय भाषणातील अलंकार नसेल, तर त्याची कसोटी दारूखान्याच्या चिखलातच लागेल.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. जहाजातील विषारी द्रव्ये काढण्याचा खर्च मूळ मालकाकडून वसूल व्हावा. तोडणी चिखलावर न होता गोदीत किंवा पक्क्या अभेद्य फरशीवर व्हावी. हाँगकाँग करार किनाऱ्यावरच्या तोडणीला मनाई करत नाही, म्हणून आपणही थांबण्याचे कारण नाही. युद्धनौकाही कायद्याच्या कक्षेत याव्यात. अ‍ॅस्बेस्टॉस हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराची नोंदवही असावी आणि तो कोणत्याही गावी परतला तरी त्याची तपासणी व उपचार आयुष्यभर मोफत व्हावेत.

आणि एक काम सरकारची वाट न पाहता आपल्याला करता येईल. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी बाहेरगावी कामाला जाणाऱ्यांची वही ठेवावी : कोण गेला, कोठे गेला, कोणते काम केले, केव्हा परतला. खोकणाऱ्या माणसाबरोबर ती वही डॉक्टरांपुढे न्यावी. बंदरात जो केवळ हजेरीचा आकडा होता, त्याला निदान गावात तरी नाव असले पाहिजे.