जुनी मोटारसायकल घेताना
सभासद बंधूंनो, उसाचे बिल हाती पडले की जुनी गाडी घ्यायचे घाटते. बैल घेताना आपण दात बघतो, मग गाडी नुसत्या मीटरवर का घ्यायची? मीटर मागे फिरवता येते. इंजिन गार असताना सुरू करून बघा. निळा धूर निघाला तर ऑइल जळतंय, पिस्टन-रिंगचा खर्च आलाच समजा. चेसिस नंबर आर.सी. बुकाशी ताडून घ्या.

पण आमच्या मते खरा धोका तोंडी सौद्यात आहे. फॉर्म २९ व ३० भरून धाराशिवच्या आर.टी.ओ.त नाव बदलाच. नाव बदलले नाही, तर अपघाताच्या भरपाईला नोंदीवरचा मालकच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरवले आहे. तेव्हा विकणाऱ्यानेही गाफील राहू नये.