हळदीच्या बाटलीतलं मिरं

औषधाच्या दुकानात हळदीच्या कॅप्सूलची बाटली घेतली, तर मिऱ्याचा अर्क घातल्याची जाहिरात त्यावर बरेचदा असते. मिऱ्यामुळे हळद अंगी लागते, असा दावा. तो खोटा नाही. पण ती कशी अंगी लागते हे बाटली सांगत नाही, आणि गिऱ्हाइकाला कळायला हवं ते नेमकं तेच.

हळदीचा गुणकारी घटक मानलं जाणारं कर्क्युमिन तिच्यात असतं जेमतेम तीन टक्के. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. आतड्यातून जे थोडंफार आत शिरतं, त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगोलग ग्लुक्युरोनिक आम्लाची किंवा सल्फेटची शेपटी जोडतात आणि बाहेरची वाट दाखवतात. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रयोग केला. निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तर रक्तात ते सापडलं नाही किंवा नावापुरतं सापडलं. २ ग्रॅम म्हणजे घरातली साठ-सत्तर ग्रॅम हळद. तेवढी घातलेली भाजी कुणी तोंडात धरणार नाही. सोबत मिऱ्यातलं पिपरिन दिलं, फक्त २० मिलिग्रॅम, आणि शोषण वीसपट वाढलं.

ही किमया पिपरिन करतं ते शेपटी जोडणारा कारखाना मंदावून. पण पिपरिनचा परिणाम एकट्या हळदीपुरता राहत नाही. फिटवरचं फेनिटॉइन, रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल, दम्यावरचं थिओफायलिन या तिन्हींची रक्तातली पातळी पिपरिनमुळे वाढल्याचं माणसांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. फेनिटॉइनच्या बाबतीत तर गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यात अंतरच थोडं.

हाच गुण मोजूनमापून वापरलाही गेला आहे. जम्मूतल्या एका प्रयोगशाळेतल्या संशोधनातून क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणणारी पिपरिनयुक्त कॅप्सूल तयार झाली. पण तिथे चाचण्या होत्या आणि डॉक्टरची चिठ्ठी होती.

आयुर्वेदाला हे अपरिचित नव्हतं. सुंठ, मिरी, पिंपळी हे त्रिकटू कितीतरी आयुर्वेदिक औषधांत असतं. चरकसंहिता पिंपळीला योगवाही, म्हणजे सोबतच्या औषधाचा गुण वाढवणारी, म्हणते आणि त्याच ठिकाणी ती अतिप्रमाणात, दीर्घकाळ घेऊ नये असंही बजावते. बाटलीवाल्यांनी पहिली गोष्ट उचलली, दुसरी सोयीस्कर सोडली.

अमेरिकेत २०२२ मध्ये हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. एकाचा मृत्यू झाला होता. तपासलेल्या काही उत्पादनांत पिपरिनही होतं. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेलीमुळेही यकृताला इजा होत असल्याचा इशारा दिला, तेव्हा आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीवरच शंका घेतली. शंका रास्त असेलही. पण मग पुडीत नेमकी कोणती वेल आहे, हे विकत घेणाऱ्याने कसं ओळखायचं?

वरणातल्या हळदीचा आणि पोह्यांवरच्या मिरपुडीचा इथे काही दोष नाही. शोषण वाढवल्याची फुशारकी मारणाऱ्या बाटलीवर मात्र ‘इतर औषधं चालू असल्यास डॉक्टरांना विचारा’ ही ओळ तेवढ्याच ठळक अक्षरांत सक्तीची हवी. शिवाय दवाखान्यातला प्रश्नही बदलायला हवा. ‘कोणती औषधं चालू आहेत?’ असं विचारलं की रुग्ण ‘काही नाही’ म्हणतो, कारण काढा आणि हळदीची गोळी त्याच्या लेखी औषध नसतं. डॉक्टरांनी ‘सकाळी उपाशीपोटी काय घेता?’ असं विचारून पाहावं.