ओळख कोणाच्या मालकीची?

पोटासाठी नव्या शहरात जाणाऱ्या तरुणाला हल्ली एक उपदेश हमखास ऐकवला जातो. ओळखी वाढव, चार लोकांत मिसळ, मेळाव्यांना जा, मोठ्यांच्या नजरेसमोर राहा, म्हणजे पुढचा मार्ग आपोआप मोकळा होईल. हा उपदेश देणाऱ्यांची स्वतःची शिदोरी तपासली, तर त्यांच्या आत्मविश्वासाचे रहस्य उलगडते. वजनदार आडनाव, नामांकित महाविद्यालय, शहरात आधीच स्थिरावलेले मामा आणि साहेबाशी साहेबाच्या भाषेत बोलण्याची सवय एवढे भांडवल पाठीशी असले, की ओळख हा आपल्या स्वभावाचाच गुण आहे असे वाटू लागते. ज्याच्याजवळ यातले काहीच नाही त्याने ओळख आणायची कोठून, या प्रश्नाचे उत्तर व्याख्यानगृहात मिळत नाही. ते शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मिळते, आणि ते सुखावणारे नाही.

कोल्हापूरहून पंचगंगेचा पूल ओलांडून पुणे-बंगळूर महामार्गाला लागले, की पुलाची शिरोली, नागाव, टोप या गावांच्या परिसरात फाउंड्र्यांची दाटी सुरू होते. देशभर धावणाऱ्या ट्रॅक्टरांचे, मालमोटारींचे आणि पंपांचे ओतीव भाग येथे घडतात. वाळूचे साचे भरणारा, वितळलेला रस ओतणारा, थंड झालेल्या ओतकामाचे काठ ग्राइंडरवर घासणारा मजूर आज दोन दिशांनी येतो. एक चंदगड, राधानगरी, गगनबावड्याच्या डोंगरी वाड्यांतून, आयटीआयचे प्रमाणपत्र खिशात घालून. दुसरा बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा येथून. धनबादची दीक्षाभूमी एक्स्प्रेस कोल्हापूरच्या स्थानकात रिकामी होते तेव्हा फलाटावर उतरणाऱ्या पोरांपैकी कित्येकांच्या हाती गावातल्या कोणाचा तरी दूरध्वनी क्रमांक असतो. नव्या शहरातली त्यांची सगळी ओळख ती एवढीच.

या एका क्रमांकाची ताकद कमी लेखू नये. त्याच्यावरच खोली मिळते, जेवणाची सोय होते, वाण्याकडे उधारीचे खाते उघडते आणि दुसऱ्या दिवशी फाटकातून आत प्रवेश मिळतो. मात्र तो क्रमांक बहुधा ठेकेदाराचा किंवा ठेकेदाराने नेमलेल्या गाववाल्याचा असतो. ज्याच्या शब्दावर काम मिळाले त्याच्याच शब्दावर ते जाते, आणि कामाबरोबर खोली, जेवण, उधारी हेही एका रात्रीत जाते. जादा तासांचे पैसे मागितले, हात भाजल्यावर अपघाताची नोंद करा म्हटले, तर मालकाला तोंड उघडावेच लागत नाही. गाववालाच म्हणतो, 'माझी इज्जत घालवलीस.' शोषणाला येथे नात्याचा आवाज मिळतो. ऊसतोडीच्या टोळ्या, त्यांचे मुकादम आणि हंगामाआधीची उचल पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या जिल्ह्याला ही पद्धत नवी वाटण्याचे कारण नाही. तेथे कोयत्याला उचल बांधलेली असते, येथे ग्राइंडरला ओळख बांधलेली आहे. उचल निदान फेडता तरी येते!

आता त्याच वसाहतीतील दुसरी बाजू पाहावी. शिरोलीतील उद्योजकांची स्मॅक ही संघटना आहे, शहरात कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आहे, ओतकाम व्यावसायिकांच्या अखिल भारतीय संस्थेची कोल्हापूर शाखा आहे. तेथे वीजदर, कच्च्या लोखंडाचे भाव, वाळूचा पुरवठा, नवे यंत्र यांची चर्चा होते, मंत्र्यांना निवेदने जातात. २०१३ च्या सुमारास विजेच्या दरावरून येथील कारखानदारांनी कर्नाटकात जाण्याचा इशारा दिला, तेव्हा राज्याच्या राजधानीला त्याची दखल घ्यावी लागली. यात गैर काहीच नाही. आपले हित ओळखून एकत्र येण्याचा हक्क कारखानदाराला आहे. मुद्दा एवढाच, की त्याने आपली ओळख संस्थेच्या स्वाधीन केली आहे. नवा कारखानदार सभासद होतो आणि पहिल्याच दिवशी शंभर जणांच्या अनुभवाचा वाटेकरी होतो. त्यासाठी कोणा गाववाल्याची इज्जत सांभाळावी लागत नाही. त्याच रस्त्यावरच्या मजुराला मात्र शेजारच्या कारखान्यात काय रोज मिळतो हेही चहाच्या टपरीवर कुजबुजून विचारावे लागते. मालकाची ओळख सामुदायिक आहे आणि मजुराची खाजगी आहे. वसाहतीतील सत्तेचा तोल या एका वाक्यात आला.

डोंगरातून आलेल्या मराठी पोराची अवस्था फार निराळी आहे काय? तो शिकाऊ म्हणून आत जातो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या दृष्टीने तो कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे. मुदत संपली की त्याच्या जागी दुसरा शिकाऊ उभा राहतो आणि हा पुन्हा 'कोणाची तरी चिठ्ठी' शोधत ग्रामपंचायतीपासून आमदारांच्या कचेरीपर्यंत हिंडतो. ती चिठ्ठी हीदेखील ओळखच. तिची किंमत पुढच्या निवडणुकीत वसूल होते. याच पोराला मग सांगितले जाते की तुझी भाकरी त्या बिहाऱ्याने पळवली. स्थानिकांना ऐंशी टक्के नोकऱ्या ही घोषणा ज्या व्यासपीठांवरून गर्जते, त्यांवर बसलेल्यांपैकी किती जणांचे नातलग मजूर पुरवण्याचे ठेके घेतात, याची चौकशी एकदा व्हायला हवी. दोघांचेही बखोट एकाच हातात असताना त्यांनी एकमेकांचा गळा धरावा, याहून मालकाला सोयीचे काय असेल?

ओळखीच्या या पेठेवर तोडगा नाही असे मानणे म्हणजे महाराष्ट्राच्या कामगार चळवळीचा इतिहास विसरणे होय. मुंबईच्या गिरण्यांत भरतीची किल्ली जॉबरच्या हाती होती. गावचा, जातीचा, खोलीचा दुवा तोच, लाचही तोच घेई. व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कोरडे ओढले. गोदीत टोळीवाला बोट दाखवील त्यालाच त्या दिवशी काम मिळे. १९४८ च्या कायद्याने गोदी कामगारांची नोंदणी करण्याची वाट खुली झाली आणि मुंबईत त्यासाठी मंडळ स्थापन झाले. १९६९ चा माथाडी कायदा तर महाराष्ट्राने देशाला दिलेला धडाच आहे. हमाल मंडळाकडे नोंदतो, मालकही मंडळाकडे नोंदतो, मजुरीचे पैसे मंडळात भरले जातात, त्यावरील लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, औषधोपचार यांची तरतूद होते. मालक बदलला तरी कामगाराची नोंद बदलत नाही. माथाडी मंडळांतही पुढे दलाल शिरले, हे खरे; परंतु घरात उंदीर शिरले म्हणून कोणी घर पाडत नाही. ज्याला कोणी ओळखत नव्हते त्या हमालाला कायद्याने ओळख दिली, ही गोष्ट त्याने खोटी ठरत नाही.

सरकारची पावले मात्र उलट्या दिशेने पडत आहेत. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा मुळात वीस कामगारांपासून लागू होई; २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितेत तो आकडा पन्नासवर गेला. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा पाच मजुरांपासून लागू होई आणि ठेकेदाराकडून विस्थापन भत्ता मागण्याचा हक्क देई. संहितेने पाचाचे दहा केले आणि तो भत्ता गाळला. स्वतःहून आलेल्या मजुरालाही स्थलांतरिताच्या व्याख्येत घेतले, ही सुधारणा मान्य करावी. पण लहान ठेकेदारांच्या दहा-बारा माणसांच्या टोळ्यांवर चालणाऱ्या वसाहतीत पन्नासची मर्यादा म्हणजे पळवाट नव्हे, राजमार्गच आहे. कागदावरही ज्याची नोंद नाही त्याचे काय होते, हे ८ मे २०२० रोजी दिसले. टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे रुळांवरून चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले. त्या महाराष्ट्रात त्यांच्या श्रमाला मागणी होती. ओळख मात्र कोणाशीच नव्हती.

कोल्हापूरला तर हा धडा मुंबईहून आणण्याचीही गरज नाही. परक्या शहरात आलेल्या गरीब मुलाला आधी छप्पर, ताट आणि बरोबरीची सोबत हवी, हे शाहू छत्रपतींनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. खेड्यातल्या ज्या पोराला शहरात दार उघडणारे कोणी नव्हते, त्याच्यासाठी दारच बांधले गेले. 'ओळखी वाढव' असा सल्ला त्याला कोणी दिला नाही. ही वसतिगृहे जातवार होती, हे लपवण्याचे कारण नाही. त्या काळाची ती मर्यादा होती. आज शिरोलीत कामगारांचे वसतिगृह उभारायचे तर ते प्रांतवार नसावे, एवढा बोध त्यातून घ्यावा. शाहूंचे नाव प्रत्येक सभेत घेणाऱ्या या जिल्ह्याने मजुराला ठेकेदाराच्या पत्र्याच्या खोलीत दहा-दहा जणांनी झोपायला लावावे, हा विरोधाभास कोणाला टोचत कसा नाही?

येथे कामगार चळवळीलाही आरशासमोर उभे केले पाहिजे. अनेक युनियनांनी कायम कामगारांचे करार केले, वाढ मिळवली आणि फाटकाबाहेरच्या ठेका मजुराकडे पाठ फिरवली. हिंदी बोलणारा मजूर युनियनच्या कचेरीत येत नाही, अशी तक्रार कार्यकर्ते करतात. त्याने यावे कशासाठी? सभेची भाषा मराठी, पावती मराठी, आणि प्रश्न त्याचा नव्हेच. ठेकेदार मात्र रात्री बारा वाजता त्याच्या तापासाठी रिक्षा पाठवतो. जो रिक्षा पाठवतो त्याचेच माणूस ऐकते. ठेकेदाराची ही जागा घेतल्यावाचून त्याची सत्ता मोडणार नाही, आणि ती जागा भाषणाने घेता येत नाही.

म्हणून शिरोली फाट्यावर एक खोली भाड्याने घेऊन सुरुवात व्हावी. तेथे संध्याकाळी पाळी सुटल्यावर मराठी आणि हिंदी दोन्ही लिहिणारा माणूस बसावा. कोणत्या खात्यात काय रोज आहे याचा फलक भिंतीवर असावा. भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक तपासून द्यावा, कामगार विमा योजनेचे कार्ड काढून द्यावे, अपघात झाला तर त्याच दिवशी अर्ज लिहावा. साचा भरण्यात मुरलेला कोल्हापुरी मिस्त्री आणि काल आलेला झारखंडी पोर्‍या यांची गाठ ठेकेदाराला वगळून घालून द्यावी. फाउंड्रीतील ठेका मजुरांसाठी माथाडीच्या धर्तीवर त्रिपक्षीय मंडळ हवे, ही मागणी तेथूनच उठली तर तिला वजन येईल. असल्या किरकोळ कामांत क्रांती कोठे आहे, असे विचारणारे विद्वान पक्षात आहेतच. त्यांनी सुटीच्या एका संध्याकाळी त्या खोलीत बसून कार्डांचे अर्ज भरावेत आणि समोरच्या रांगेतला प्रत्येक माणूस इथवर कोणाच्या शब्दावर आला, त्या शब्दासाठी त्याने काय मोजले, हे वहीत टिपून घ्यावे.