छत्तीस गुण आणि माळढोक

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमची पुतणी पुण्याहून घरीं आली. ती तेथें भूगोल विषय घेऊन एम्. एस्सी.चा अभ्यास करते. फराळाचीं ताटें उचललीं गेल्यावर ती आपला संगणक घेऊन ओसरीवर बसली आणि पडद्यावर आमच्या सोलापूर जिल्ह्याचा नकाशा रंगीत चौकोनांत मांडूं लागली. मीं विचारलें, "हें काय चाललें आहे?" ती म्हणाली, "काका, माळढोकाला राहावयास कोणती जागा किती योग्य, हें मी नकाशावर नकाशा ठेवून काढीत आहें."

माळढोकाचें नांव ऐकतांच मी चष्मा पुसून जवळ सरकलों. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीं वडिलांबरोबर बैलगाडींतून जातांना आमच्या माळावर हा पक्षी मीं डोळ्यांनीं पाहिला आहे. उंची मीटरभर, नराचें वजन पंधरा किलोपर्यंत, आणि चाल एखाद्या वृद्ध शास्त्रीबुवांसारखी संथ. मादी बहुधा एकच अंडें घालते, तेंही उघड्या जमिनीवर. आज साऱ्या जगांत हे पक्षी दीडशेंच्या आंतच उरले असावेत असें जाणते लोक मानतात, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानांत जैसलमेरच्या बाजूला आहेत. आमच्या माळावरून तो जवळजवळ नाहींसा झाला आहे. तेव्हां त्याच्यासाठीं जागा शोधणें हा केवळ विद्यार्थ्यांचा खेळ नव्हे.

ही पद्धति वाचकांस थोडक्यांत सांगतों. साऱ्या जिल्ह्यावर बारीक चौकटींची जाळी घातली आहे अशी कल्पना करा. एकेक चौकट तीस मीटर बाजूची. आतां एका पानावर प्रत्येक चौकटींत गवत आहे, शेत आहे कीं झाडी आहे तें लिहावयाचें. दुसऱ्यावर जमिनीचा उतार. तिसऱ्यावर गांवापासूनचें अंतर. चौथ्यावर विजेच्या तारांपासूनचें अंतर. गवत-शेताची माहिती उपग्रहांच्या चित्रांवरून मिळते; १९७२ सालीं सोडलेल्या पहिल्या 'लँडसॅट'पासून अशीं चित्रें सांठत आलीं आहेत. उंचसखलपणाचें मोजमाप २००० सालीं अवकाशयानांतून रडारनें घेतलें गेलें. संगणक नव्हते तेव्हां हेंच काम हातानें होई. इयान मॅकहार्ग या अध्यापकानें १९६९ सालच्या आपल्या 'डिझाइन विथ नेचर' या ग्रंथांत पारदर्शक कागदांवर छटा भरून ते एकावर एक ठेवण्याची रीत दाखविली.

परंतु उतार अंशांत आणि अंतर मीटरांत. त्यांची बेरीज म्हणजे शेर आणि हात यांची बेरीज. म्हणून प्रत्येक पानाचें मूल्य शून्य ते एक या एकाच मापांत आणतात. सर्वस्वी अयोग्य तें शून्य, उत्तम तें एक. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेनें १९८० च्या सुमारास निरनिराळ्या प्राण्यांकरितां असे योग्यतांक बसविले. मग जें पान अधिक महत्त्वाचें त्याला अधिक भार देऊन सर्वांची बेरीज करावयाची.

हें ऐकून मला हंसूं आलें. मीं म्हटलें, "अग, हें तर आमचें गुणमेलन! वर्णाला एक, वश्याला दोन, तारेला तीन, योनीला चार, ग्रहमैत्रीला पांच, गणाला सहा, राशिकूटाला सात आणि नाडीला आठ, मिळून छत्तीस. अठरा भरले कीं पत्रिका जमली."

"बरोबर," ती म्हणाली, "आणि खोडही तीच आहे, काका." तिनें एक चौकट दाखविली. गवताला ०.९, उताराला १, गांवापासूनच्या अंतराला ०.८, पण डोक्यावरून विजेच्या तारा गेलेल्या, म्हणून तेथें शून्य. सर्वांना सारखा भार दिला तर सरासरी ०.६७५. आमच्या शाळेंत एवढ्या गुणांवर मुलगा प्रथम वर्गांत आला असता! परंतु माळढोकाला समोरचें नीट दिसत नाहीं. जड देहामुळें त्याला ऐन वेळीं वळतांही येत नाहीं. तो तारांवर आदळून मरतो. तेथें गवत कितीही उत्तम असलें तरी काय उपयोग? बेरजेंत एका गोष्टीची उणीव दुसरी भरून काढते. निसर्गांत पुष्कळदां तसें होत नाहीं. म्हणून अशा गोष्टींचा गुणाकार करतात. एक शून्य आलें कीं सारें शून्य. आपल्या जुन्या लोकांसही हें ठाऊक होतें. नाडीचे आठ गेले तरी अठ्ठावीस उरूं शकतात. तरीही एकनाडी म्हटली कीं पत्रिका परत जाई. अर्थात् गुणाकारही जपून करावा लागतो. चुकून पडलेलें एक शून्य चांगली जागा बाद करतें. कोणती उणीव भरून निघते व कोणती नाहीं, हा निर्णय माणसानेंच घ्यावयाचा. संगणक तो घेत नाहीं.

दुसरी गोष्ट संनिधीची. न्यायशास्त्रांत वाक्याचा अर्थ कळण्यास पदांची योग्यता लागते तशी संनिधीही लागते. येथेंही तसेंच. योग्य चौकटी दहा ठिकाणीं विखुरलेल्या असतील तर दूरदूर हिंडणाऱ्या या पक्ष्याला त्यांचा उपयोग थोडा; त्या एकमेकींस लागून हव्यात.

एक कबुली येथेंच देऊन टाकतों. हिरवें तेवढें चांगलें, अशा समजुतीनें मीं विद्यार्थ्यांकडून आमच्या माळावर अनेक वर्षें झाडें लावून घेतलीं. पुतणीच्या नकाशांत त्याच चौकटी फिकट पडलेल्या दिसल्या. माळढोकाला उघडा माळ व खुरटें गवत लागतें. दाट झाडी त्याला परकी.

नकाशा चुकला तर माणसांवरही संकट येतें. १९७९ सालीं नान्नजच्या माळढोक अभयारण्याची घोषणा झाली तेव्हां सोलापूर व अहिल्यानगर (त्या वेळचें अहमदनगर) या जिल्ह्यांतील सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यांत धरलें गेलें. त्यांत गांवें, शेतें सर्व आलें, आणि लोकांस स्वतःच्या जमिनीचे व्यवहारही अवघड झाले. पुढें तें क्षेत्र घटवून सुमारें १,२२२ चौरस किलोमीटर केलें. चौकट-चौकट पाहून रेषा आंखली तर पक्षी व कुणबी दोघांचाही त्रास कमी होतो.

शेवटीं मीं विचारलें, "पण तुझें गणित खरें कशावरून?" ती म्हणाली, "पक्ष्यालाच विचारावयाचें." पक्षी जेथें खरोखर दिसला त्या जागांच्या नोंदींपैकीं कांहीं बाजूला ठेवतात आणि त्या योग्य चौकटींत पडतात कीं नाहीं तें ताडून पाहतात. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'मॅक्सेंट' पद्धतींत तर अशा नोंदींवरूनच पक्ष्याची आवड काढतात. त्यांतही सावधपणा हवाच. नोंदी बहुधा रस्त्याच्या कडेच्या असतात, कारण पाहणारा रस्त्यानें जातो.

"पक्ष्यालाच विचारावयाचें" हे शब्द ऐकून मी गप्प झालों. १९८५ सालीं माझ्या धाकट्या बहिणीची पत्रिका मींच जुळविली होती. एकोणतीस गुण, नाडीही निराळी. माझ्या शास्त्रावर माझा मोठा विश्वास. तिला पुढें शिकावयाचें होतें, हें त्या कोष्टकाच्या कोणत्याच घरांत नव्हतें, आणि मीं तिला विचारलेंही नव्हतें. चार वर्षांनीं ती परत आली, ती आजतागायत आमच्यांतच आहे. तिनें मला कधीं एका शब्दानें दोष दिला नाहीं.

ती तेव्हां माजघराच्या दारांत उभी राहून सारें ऐकत होती. "पक्ष्याला तरी विचारतात, हें बरें झालें," एवढेंच ती म्हणाली आणि दिवा लावण्यास आंत गेली. मी तिच्यामागून गेलों, आणि इतक्या वर्षांत जें बोललों नव्हतों तें बोललों.

वाचकहो, कोष्टक टाकून द्या असें मी म्हणत नाहीं. नकाशे एकावर एक ठेवावे, गुण मोजावे, भार ठरवावा. परंतु ज्याचें घर मांडावयाचें, त्याला आधीं विचारावें.